अर्ध्या मिशीचे सहा दिवस

एका भल्या माणसाची अर्धी मिशी मी भर लोकांत, त्याच्या मनाविरुद्ध, वस्तऱ्याच्या दोन ओढींत उडवली. तो हात जोडून 'नोको' म्हणत होता, तरी उडवली. बकरीदला कुर्बानी द्यायचं ज्याने मनात धरलं आहे तो मुसलमान चंद्र दिसल्यापासून जनावर कापलं जाईपर्यंत अंगावरचा केस काढत नाही, नख कापत नाही, हे आज मला ठाऊक आहे. त्या दिवशी नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून मी सुटलो असं मला कधीच वाटलं नाही, कारण 'नोको'चा अर्थ तर मला ठाऊक होता.

आता मी अमरावतीला लेकीकडे राहतो. हातात कंप शिरल्यापासून वस्तरा बंद आहे. पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकलो, ती गिरवत बसतो. जावई म्हणतात, तुमच्या तरुणपणच्या कापसाच्या भरभराटीचं काही लिहा, लोकांना गंमत वाटेल. लिहायला बसलो की भरभराट बाजूलाच राहते आणि तो ओठ डोळ्यांपुढे येतो. एका बाजूला दाट काळे केस, दुसऱ्या बाजूला नुसतं कातडं. म्हणून म्हटलं, आधी हे लिहून टाकावं. स्वतःची बाजू घ्यायची नाही असं ठरवून बसलोय. जमतं का बघू.

आमचं गाव अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. नाव सांगत नाही, कारण त्या घरांची माणसं अजून तिथे नांदतात. गावची हजामत बापजाद्यांपासून आमच्या घराकडे. माझा हात चांगला होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. झोपलेल्या माणसाची दाढी मी त्याची झोप न मोडता करत असे. त्या दोन-चार वर्षांत विलायतेला दुसरीकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की लोक चक्रावून गेले. पंधरवड्याने डोकं पुढे करणारे आठवड्यातून दोनदा बसू लागले. एकाने अकोल्याहून कमरेएवढा आरसा आणला आणि हजामत त्याच्यासमोरच व्हावी म्हणून हट्ट धरला. मीसुद्धा चढून गेलो होतो. डोक्याला फेटा बांधून दारोदार जायचो आणि कोणी 'जरा थांब' म्हटलं की तोंड वाकडं करायचो.

या सगळ्या भरभराटीत एकाच माणसाचा धंदा बसला, तो कापूस पिंजणाऱ्याचा, आमच्या पिंजाऱ्याचा. ज्या कापसाला असा भाव, तो गादीत आणि रजईत कोण भरणार? जुन्या गाद्या उसवून विकणारे लोक मी पाहिले आहेत. पिंजाऱ्याची धनुकली भिंतीला टांगली गेली. तो मुसलमान. गावात त्यांची तीनच घरं, आणि तिन्ही गरीब. तेव्हा आमच्या पाटलांनी त्याला बोलावून घेतलं आणि आपल्या कापसाच्या सगळ्या गाड्या त्याच्या हवाली केल्या. गावातून माल भरायचा, अकोल्याच्या बाजारात उतरवायचा, बैलांचं बघायचं. दोघे लहानपणी एकत्र गुरं राखलेले. पाटील चावडीवर बसून म्हणत, "हा माहा धाकला भाऊ हाय." हे ते आपल्या सख्ख्या धाकट्या भावाच्या देखत म्हणत. धाकट्या पाटलांना ते कसं लागत असेल, हे मी दाढी करताना त्यांच्या जबड्यावरून ओळखत असे.

पिंजाऱ्याच्या अंगावर देखणं असं काही नव्हतं. उन्हाने रापलेला, पाठीत जरा वाकलेला, पंचेचाळीसच्या आसपासचा माणूस. पण मिशी अशी की बाजारात ओळख मिशीवरून. दाढी तो ठेवत नसे. दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर बसायचा, डोकं-दाढी करून घ्यायचा आणि मिशीपाशी बोट लावून म्हणायचा, "हिले हात जपून." मी चिडवायचो, की बायकोपेक्षा हिचाच लाड जास्त. तो हसायचा.

पाटील गेले ते चैत्र सरता सरता. उन्हात शेतावरून आले, ताप डोक्यात चढला, दोन दिवसांत खेळ आटोपला. एवढा धिप्पाड माणूस असा जातो याचा धक्का गावाला बसला तसा मलाही बसला. मूलबाळ नव्हतं. पिंजाऱ्याने आपल्या हाताने सरणाची लाकडं गाडीत भरली आणि स्मशानात लांब उभं राहून लहान पोरासारखा रडला. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सुतकात आली. तिच्या आदल्या संध्याकाळी बकरीदच्या महिन्याची चंद्रकोर दिसली असणार. मी काही वर पाहिलं नव्हतं.

दहावा आला तो आखाजीनंतर तीन दिवसांनी. सकाळी नदीवर पाटलांची सगळी भावकी जमली. उन्हाळ्याने नदी सुकून डोहापुरती उरलेली. वाळूत मी वस्तऱ्यांची धोकटी उघडली आणि एकेकाला समोर बसवत गेलो. आमच्याकडे दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही जातात. चौदा माणसं झाली. माझ्या मांडीपाशी केसांचा ढीग पडला होता, आणि खरं सांगतो, प्रत्येक डोक्यागणिक मला भरून येत होतं. पाटलांनी माझ्यावर माया केली होती. माझ्या लग्नात मांडव त्यांच्या घरून आला होता.

पिंजारी बैल सोडून जरा लांब बाभळीच्या सावलीत बसला होता. डोक्यावरचे केस, गालावरचे खुंट वाढलेले. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. मी सहज विचारलं होतं, तर म्हणाला, जू लागून नख अर्धं तुटलं. मी म्हटलं, आण, कापून टाकतो. तो म्हणाला, राहू दे. मला वाटलं, दुखत असेल.

धाकट्या पाटलांचं डोकं झालं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, इकडे तिकडे पाहिलं आणि हाक मारली.

"ये रे, तू बी बस. भाऊ म्हने ना तो तुले? मंग भावाची मिशी जाते दहाव्याले."

पिंजारी उठून आला. दोन्ही हात जोडले. "आज नोको, मालक. आठवड्यानं सारी काढून देतो. डोकं बी देतो."

"आठवड्यानं काहून? आठवड्यानं काय तो उठून येते पाहाले?"

कोणीतरी हसलं.  "काहून नोको ते तं सांगशीन?" धाकट्या पाटलांनी पुन्हा विचारलं.

"आज सांगता येत नाई, मालक."

"त्याले मिशी प्यारी हाय," मागून एक जण म्हणाला. "पाटील काय, गेला तं दुसरा भेटते."

या वाक्याने माझं डोकं फिरलं. ज्याने ते म्हटलं त्याच्यावर नाही फिरलं, पिंजाऱ्यावर फिरलं. पाटलांच्या घरचं मीठ खाल्लं, त्यांच्या गाड्यांवर पोट भरलं, आणि चार केस द्यायची वेळ आली तर आठवड्याचा वायदा! भावकीतले चौदा जण मुंडलेले बसलेत आणि हा ओठावर झुपका घेऊन उभा. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला वाळूत बसवलं.

"नोको, बापा. हात जोडतो."

मी डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली. वस्तरा ओठाला टेकला की माणूस हलत नाही, हलला तर ओठ जातो. हे मला जसं ठाऊक होतं तसंच त्यालाही. पाणीसुद्धा लावलं नाही मी. एक ओढ, दुसरी ओढ, आणि उजवी बाजू साफ. लोक हसत होते. तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्या नजरेत राग असता तर मी डावी बाजूही काढली असती. राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या बैलाने अचानक शिंग मारावं आणि आपण त्याच्याकडे पाहावं, तसा तो पाहत होता. माझा हात आपोआप मागे आला.

त्याने वाळूतून आपले केस वेचले. एकेक करून, चिंधी बांधलेल्या अंगठ्याने. उपरण्याच्या टोकात बांधले आणि उठला.

"अबे, पुरी तं करून घे," मी म्हटलं. "असा कोठी जातं?"

"राहू दे," तो म्हणाला, आणि डोहावर तोंड धुवायला गेला.

मला वाटलं, तासाभरात झक मारत येईल. अर्ध्या मिशीने कोण फिरतं? येईल, मान खाली घालून बसेल, मी उरलेली काढीन, एखादा टोमणा मारीन आणि विषय संपेल. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच, अर्धी मिशी घेऊन, गाडी जुंपून गावाच्या मधल्या रस्त्याने अकोल्याला निघालेला मी पाहिला. विहिरीवरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. चावडीवरून कोणी शीळ घातली. तो समोर पाहत बैल हाकत गेला. मी हबकलो. वेड लागलं की काय याला? माझ्यावर सूड उगवायचा म्हणून हा गावभर, बाजारभर माझी करणी दाखवत हिंडतो आहे, असं माझ्या मनाने घेतलं, आणि मी आणखी चिडलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मलाच अकोल्याला जावं लागलं. चौदा डोक्यांनी वस्तरे बोथट झाले होते, धार लावणारा शिकलगार तिथेच भेटे. अकोला तेव्हा ओळखू येत नव्हतं. गाड्यांमागे गाड्या, गठ्ठ्यांच्या भिंती, मुंबईचे दलाल, आगगाडीसाठी माती टाकणारे मजूर, सगळ्यांच्या पापण्यांवर कापसाचे तंतू. धार होईपर्यंत मी मशिदीजवळच्या लिंबाखाली टेकलो. तिथे एक म्हातारा मुसलमान हजाम धोकटी उघडी टाकून माशा मारत बसला होता. एवढ्या गर्दीच्या बाजारात हजाम रिकामा, याचं मला नवल वाटलं. आपल्याच धंद्यातला म्हणून मी विचारलं.

"काहो चाचा, धंदा थंडा दिसते?"

"या धा दिवसांत असाच असते," तो म्हणाला. "ज्याच्या घरी बोकूड बांधेल हाय, तो माह्याकडं फिरकत नाई. चांद दिसला का केस नाई, नख नाई, मिशीचा एक बाल बी नाई. बकरीदले कुर्बानी झाली का मंग पाह्य, बसाले जागा नसते."

"काहून असं?"

"आमच्या पैगंबराचं सांगनं हाय. आमचे बुजुर्ग म्हनतात, जो कुर्बानी देते त्यानं आपलं आंग पुरंच्या पुरं ठेवाव, कमी नाई करू. ज्याले कुर्बानी नाई त्याले हे बंधन नाई."

 अंगठ्याची चिंधी आठवली. वाढलेले खुंट आठवले. मागच्या सगळ्या वर्षांत बकरीदच्या आधी दोन दिवस मीच त्याची गुळगुळीत हजामत केली होती, आणि तो मुकाट्याने बसला होता. कारण तेव्हा त्याच्या दारात बोकड नव्हता. यंदा होता. दिवाळीपासून तो एक बोकड पाळत होता, आणि मी त्याच बोकडावरून त्याची चेष्टा केली होती की पिंजारी आता शेळ्या राखायला लागला. गाड्यांच्या कमाईवर त्या घरात पहिल्यांदा कुर्बानी होणार होती. त्याच्या बापाला जमली नव्हती, आज्याला जमली नव्हती.

हजाम बोलतच होता. "आन् जुलूम पाह्य. काल एक मानूस आला मौलवीसाहेबाकडं. अर्धी मिशी! म्या म्हन्लं याले कोनं मारलं-गिरलं का. गावच्या लोकाईनं धरून काढली म्हने. बिचारा रडकुंडीले आल्ता. म्हने, माही कुर्बानी गेली का सांगा."

"मंग?" मी विचारलं.

"मौलवीसाहेब म्हने, नाई गेली. जबरीनं नेलं त्याचा दोष तुले नाई. आन् उरली तेही काढून टाक, लोक हासतीन, कुर्बानी तरी बी होते, गुन्हा लागत नाई. म्या बी म्हन्लं, बस, बराबर करून देतो, पैसा नोको. तं आयकंच ना. म्हने, दुसऱ्यानं नेलं ते गेलं, माह्या हातात हाय तेवढं तं सांभाळतो. पाच दिवस राह्यले म्हने." म्हाताऱ्याने माशी उडवली. "म्या विचारलं, कोन होता तो हरामखोर. नाव नाई सांगतलं त्यानं. म्हने त्याले मालूम नव्हतं, एरवी हात चांगला हाय त्याचा."

मी तिथून उठलो कसा आणि धार लावलेले वस्तरे घेतले कसे, मला सांगता येणार नाही.  कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी त्याला नाही नाही ते मनात म्हणत होतो, आणि तो परक्या गावात परक्या हजामापुढे माझा हात चांगला असल्याचं सांगत होता! आणि मोकळीक मिळालेली असताना, शहाण्या माणसाने 'काढून टाक' म्हटलेलं असताना, तो अर्धी मिशी घेऊन बाजारातून परत गेला होता. माणूस असं करतो? आमच्या गावात कोण असं करील? मी करीन का? घरी येईपर्यंत मी स्वतःलाच विचारत होतो.

संध्याकाळी मी त्याच्या दाराकडे गेलो. तो अंगणात बोकडाला पाणी पाजत होता, त्याच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी बोलत होता. मी कुडाआड थांबलो. 'चुकलं' एवढाच शब्द म्हणायचा होता. तो तोंडातून निघेना. मी परत फिरलो. घरी येऊन आरसा पुढे घेतला आणि मनात आलं, आपलीही अर्धी काढावी, फिरावं तसंच त्याच्यासोबत. मिशी भिजवलीसुद्धा. मग उद्याची तेरवी, पाटलांच्या तेराव्याचं जेवण, डोळ्यांपुढे आली. पन्नास गावचे पाहुणे, आणि त्यांच्यात मी असा. हात धजला नाही. ओली मिशी पुसून टाकली. स्वतःची बाजू घ्यायची नाही म्हणालो होतो, म्हणून हेही लिहिलं.

तेरवीला पाटलांचं अंगण माणसांनी भरलं. मला वाटलं होतं पिंजारी यायचा नाही. तो पहाटेपासून हजर. पाहुण्यांचे बैल सोडणं, बांधणं, चारापाणी, सगळं त्याच्याकडे. येणारा प्रत्येक पाहुणा गाडीतून उतरताच पहिल्यांदा त्याचं तोंड पाही आणि थबके. काही हसत, काही दुसऱ्याला कोपर मारत. तो दावी आवळत राही.

जेवणं उरकल्यावर पाटलीणबाई ओसरीवर येऊन बसल्या. दहा-बारा दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांची नजर पिंजाऱ्यावर गेली. आधी त्यांना कळलंच नाही काय बिनसलंय ते. मग त्यांनी हाक मारली.

"इकडं ये. हे काय झालं तुह्या तोंडाले?"

"काही नाई, बाई."

"काही नाई कसं? कोनं केलं?"

धाकटे पाटील हसत म्हणाले, "दहाव्याले मिशी देत नव्हता. न्हाव्यानं घेतली." दोन-चार पाहुणेही हसले.

आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, असं वाटून मी पुढे झालो आणि एका दमात सगळं ओकलो. त्याच्या घरी बोकड बांधलेला आहे, चांद दिसल्यापासून त्याला केस-नख वर्ज्य आहे, घरातली पहिली कुर्बानी आहे, मी ती नासवायला निघालो होतो, मी गाढव आहे.  मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. पिंजाऱ्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा उतरला होता. नदीवर उतरला नव्हता इतका.

"तेवढं तरी राहू द्याचं होतं," तो मला हळूच म्हणाला. मग पाटलीणबाईंकडे वळला. "मैताच्या घरी बोकूड कापायची गोष्ट कशी करू, बाई? म्हून बोललो नाई. मालकाचा दहावा होता."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अकोल्याहून येताना एवढा विचार केला, पण तो का गप्प राहिला याचा विचार मी केला नव्हता. त्या घराच्या दुःखाची लाज राखायला त्याने स्वतःची लाज जाऊ दिली होती, आणि ती राखलेली लाज मी आत्ता पाहुण्यांदेखत उधळली होती. एकदा वस्तऱ्याने, एकदा जिभेने.  आता बाई काय म्हणतात याचीच सगळे वाट पाहत होते. धाकट्या पाटलांचा जबडा आवळला होता. सुतकाच्या घरात ही गोष्ट निघाल्यावर पिंजाऱ्याच्या गाड्या जातील, दार बंद होईल, हे स्पष्ट दिसत होतं. आणि ते माझ्यामुळे.

पाटलीणबाईंनी एकदा त्याच्या ओठाकडे पाहिलं. मग दिराकडे वळून म्हणाल्या, "माह्या मालकाच्या नावानं कोनाची मिशी मागाले म्या कोनाले धाडलं होतं?"

धाकट्या पाटलांनी मुंडल्या डोक्यावर उपरणं ओढलं.

"तू सकाळपासून इथं हायस," त्या पिंजाऱ्याला म्हणाल्या, "तुह्या बोकडाले चारा कोन टाकते?"

"घरची टाकते, बाई."

"आज सुतक फिटलं. जाय आता घरी. बैल पाह्यतीन हे मुंडे." आणि त्यांनी भावकीच्या तुळतुळीत डोक्यांकडे हात केला.

या वेळी कोणी हसलं नाही. पिंजारी गेला मात्र नाही. शेवटच्या पाहुण्याची गाडी जुंपून दिली आणि मगच गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही.

पुढचे दोन दिवस मी दारोदार फिरलो, पण माझं लक्ष कामात नव्हतं. कधी नव्हे ते एकाचा कान कापला. लोक आता पिंजाऱ्याला हसत नव्हते. तो दिसला की आपापल्या कामाला लागत. माझ्याकडे मात्र पाहत. 

बकरीदच्या दिवशी तिन्ही मुसलमान घरांतले पुरुष पहाटेच गाडीने नमाजाला गेले आणि ऊन चढता चढता परत आले. मी धोकटी घेऊन त्याच्या कुडाबाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. कोणी बोलावलं नव्हतं. आतून अल्लाचं नाव घेतल्याचा आवाज आला, मग बोकडाचा एकदाच, मग काही नाही. मी मान खाली घालून बसलो. माझ्या मनात एवढंच होतं, झालं, त्याचं पार पडलं, कोणी मोडू शकलं नाही. आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

तो लगेच बाहेर आला नाही. आधी वाटे केले. एक घरचा, एक सोयऱ्यांचा, एक गरिबांचा. दुसऱ्या दोन घरी स्वतः देऊन आला, वेशीबाहेरच्या फकिराला देऊन आला. माझ्यासमोरून दोनदा गेला, दोनदा आला. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. पहाटेपासून पोटात अन्न नसलेला तो माणूस अर्ध्या मिशीने घराघरांत वाटे पोचवत होता, आणि आता त्याला हवं तर तो कुठल्याही क्षणी ती काढू शकत होता.

सगळं उरकल्यावर हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून तो आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. अकोल्याचा तो म्हातारा हजाम आज गर्दीत असेल, हा तिकडे का गेला नाही, हे मला कळेना. मी पाणी घेतलं. वस्तरा उघडला. 

"काढू?" मी विचारलं.

"नोको," तो म्हणाला.

मी वस्तरा मिटला. चामड्यात गुंडाळला, धोकटीत ठेवला, धोकटीचा बंद आवळून गाठ मारली आणि उठायला हात टेकला. तो माझ्या हातांकडे पाहत होता. गाठ पूर्ण बसेपर्यंत पाहत होता.

"आता काढ," तो म्हणाला.

मी पुन्हा बसलो. पण माझ्याच हातची गाठ इतकी घट्ट बसली होती की माझ्या कापलेल्या नखांना ती सुटेना. शेवटी त्याने धोकटी आपल्याकडे ओढली आणि दहा दिवस वाढलेल्या नखांनी ती सोडून दिली.